पंडिता रमाबाई : खरेपणाचा शोध

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना व उपवास यांविषयी बोलताना, लोकांना दिसावे म्हणून ही कृत्ये करणाऱ्यांना प्रभू येशू जे नाव देतो, त्यासाठी मराठी बायबलात ‘ढोंगी’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द रंगभूमीवरील नटासाठी वापरला जात असे. नट जे बोलतो ते सुंदर असेल, सत्यही असेल. परंतु ते त्याचे स्वतःचे नसते. जे आपले झाले नाही ते आपले म्हणून उच्चारणे ज्यांना जन्मभर जमले नाही, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे वाचीत तीर्थोतीर्थी हिंडत असे. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण मरण पावली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या मृत्यूने त्या विधवा झाल्या. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वॉन्टेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

एवढ्या विदुषीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचा पुष्कळांना आनंद झाला. परंतु लवकरच त्यांच्या गुरुजनांना चिंता वाटू लागली. त्रैक्याचा सिद्धांत मंडळी शिकवते एवढ्याच कारणाने मान्य करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. लॅटिन अक्षरे असलेल्या क्रूसाविषयीही त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना रोखठोक लिहिले. आपल्याला व आपल्या देशबांधवांना न कळणारी लॅटिन भाषा संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असा त्यांचा प्रश्न होता. काहींना हा गर्व वाटला. वस्तुतः न कळलेले शब्द छातीवर मिरविणे त्यांना खोटे वाटत होते.

खरेपणाची हीच कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. लोकांच्या दृष्टीने त्या ख्रिस्ती सेविका होत्या. त्या काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. उपदेशपीठावर उभा राहून इतरांना उपदेश करीत असतानाच त्याचे स्वतःचे परिवर्तन झाले होते. रमाबाईंनी आपले अंतःकरण तपासले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. पुढे आपल्या साक्षीत ती छापून प्रसिद्ध केली. मान्यता पावलेल्या सेविकेला असा कबुलीजबाब देणे किती कठीण असेल!

या खरेपणाची किंमतही त्यांनी मोजली. सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेणे सोपे होते. पण प्रार्थना त्यांनी ना कोणाला दाखविण्यासाठी केली, ना कोणाच्या भयाने लपविली.

१८९६–९७ च्या दुष्काळातील अनाथ मुली व विधवांना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला आणि मुक्ती सदन उभे राहिले. १९०५ च्या आरंभी तेथे सुमारे ७० जणी उज्जीवनासाठी दररोज प्रार्थना करू लागल्या; जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. त्या महिन्याच्या अखेरीस उज्जीवन आले. मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करीत, एकाच वेळी प्रार्थना करीत. पाश्चात्त्य शिस्तीचे शांत वळण रमाबाईंनी त्यांच्यावर लादले नाही. परंतु अन्य भाषांत बोलणे हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे अनिवार्य चिन्ह, असे काही जण म्हणू लागले, तेव्हा त्यांनी ते मानले नाही. दैवी प्रीती हेच त्यांच्या मते आवश्यक चिन्ह होते. शांत उपासना म्हणजे भक्ती नव्हे, तसाच गलबला म्हणजेही भक्ती नव्हे, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृतात प्रवीण असूनही त्यांनी पांडित्य बाजूस ठेवले आणि खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी सोपी मराठी योजिली. ज्या स्त्रीने न कळणारी अक्षरे नाकारली, तिने इतरांच्या हाती कळणारी अक्षरे दिली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. मुक्तीच्या छापखान्यात छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्यापैकी पुष्कळांना प्रार्थना, गीते व विश्वासांगीकार लहानपणापासून तोंडपाठ आहेत. हे मोठे धन आहे. ते टाकून देण्याचे कारण नाही. पण येत्या रविवारी ते शब्द उच्चारताना क्षणभर थांबून, ते आपले झाले आहेत काय, असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी आले तरी निराश होऊ नये. बाप्तिस्म्यानंतर ८ वर्षांनी रमाबाईंना तेच उत्तर मिळाले होते, आणि तेथूनच त्यांना ख्रिस्त भेटला.