अंगठ्याला मान देणारा कारागीर

आमच्या घरात अंगठा हा शब्द कधी कौतुकाने उच्चारला गेला नाही. आजोबा रेशनच्या दुकानात, सोसायटीत, सगळीकडे अंगठा उठवीत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे अंगठा म्हणजे अडाणीपणाची खूण, असे माझ्या मनाने घेतले होते. जपानच्या गुनपेई योकोई यांचे चरित्र वाचले आणि हा समज ढासळला.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो शहरात झाला. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ साली ते निन्तेंदो कंपनीत लागले. १८८९ साली स्थापन झालेली ही कंपनी मूळची पत्ते बनविणारी. तेथील यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम. पदवी घेऊन हाती काय आला, तर पाना! पण त्यांनी कुरकुर केली नाही. फावल्या वेळात त्यांनी लांब होणाऱ्या पकडीचे एक खेळणे बनविले. ते अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडले. बोलणी बसण्याऐवजी तेच खेळणे बाजारात आणण्याचा हुकूम झाला. १९६६ सालच्या या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग खपले.

पुढे आगगाडीत एक प्रवासी कंटाळा घालविण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्यांनी पाहिला. त्यातून १९८० साली खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ जन्मला. १९८२ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ त्यात आणताना अडचण आली. पात्राला चारही दिशांना हलवायचे; पण उभा दांडा बसविला तर घडीचे यंत्र मिटायचे नाही. योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे एक चपटे बटण बसविले. एक बाजू दाबली की समोरची वर राहते, म्हणून उलट दिशा एकदम दाबल्या जात नाहीत. अंगठा उचलावा लागत नाही. दिशा स्पर्शानेच कळते आणि नजर पडद्यावर राहते. १९८३ साली हेच बटण ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्राच्या हातपट्टीवर आले आणि जगभर पसरले. लहानपणी मामेभावाकडे टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेमवर माझा डावा अंगठा याच बटणावर असे!

या बटणाला मर्यादाही होती. संगणकाचा माउस हात जितका सरकेल तितका बाण सरकवितो. हे बटण कोणीकडे ते सांगते, किती ते सांगत नाही. १९९६ सालच्या ‘निन्तेंदो ६४’वरील अंगठ्याच्या दांडीने कलाचे मापही घेतले. माउसची नेमकी हालचाल अंगठ्याला साधावी, ही खटपट तेव्हापासून चालूच आहे.

नव्या, महागड्या तंत्रापेक्षा जुने, स्वस्त आणि पुरते कळलेले तंत्र नव्या जागी वापरावे, ही योकोई यांची धारणा. १९८९ सालचा ‘गेम बॉय’ रंगीत नव्हता; पण स्वस्त होता, चार सेलवर बराच चाले. तो आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक नग खपले. १९९५ साली त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र साफ पडला. १९९६ साली त्यांनी कंपनी सोडली आणि स्वतःची ‘कोतो’ काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. ते खाली उतरले असता दुसऱ्या गाडीची धडक बसून वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या ‘वंडरस्वान’वर ते काम करीत होते, तो १९९९ साली, त्यांच्या पश्चात बाजारात आला.

मित्रहो, एक कबुली देतो. माझे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. कॉलेजात कोणी विचारले की मी ‘कापड धंद्यात आहेत’ एवढेच सांगून विषय बदलत असे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो. एका मागावर सूत सारखे तुटत होते. वडिलांनी धोटा काढला, त्याच्या कडेवरून हळूच अंगठा फिरविला आणि डोळ्यांना न दिसणारी कूस नेमकी शोधली. पॉलिश कागदाने ती घासली आणि माग पुन्हा धडधडू लागला.

या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाच्या व्यवसायापुढे मी ‘यंत्रमाग जॉबर’ असे स्पष्ट लिहिले. खाली वडिलांनी सही केली.