दीड दिवसाची शाळा आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

१ ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांत अण्णा भाऊंवर भाषणं होतात. बहुतेक भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: फक्त दीड दिवस शाळा शिकले आणि एवढे मोठे साहित्यिक झाले! टाळ्या पडतात, मूल खाली बसतं. पण ही दीड दिवसाची शाळा कौतुकाची गोष्ट आहे का, याचा विचार आपण कधी केलाय?

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा. वडील भाऊराव, आई वालुबाई. मांग समाजातलं हे घर. त्या काळी या जातीतल्या मुलाला वर्गात मिळणारी वागणूक अशी, की दीड दिवसातच शाळेचा आणि त्यांचा संबंध तुटला. म्हणजे ही गोष्ट खरं तर शाळेच्या हरण्याची आहे.

पुढे पोटासाठी हे कुटुंब वाटेगावहून चालत मुंबईला निघालं. वाटेत मिळेल ते काम करायचं आणि पुन्हा चालू लागायचं. मुंबईत अण्णा भाऊंनी पडेल ती मजुरी केली, गिरणीतही राबले. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. गिरणगावातले संप, मोर्चे, सभा त्यांनी जवळून पाहिल्या. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले.

गाणं मात्र गावाकडूनच सोबत आलं होतं. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते काही काळ वावरले होते. ढोलकी, डफ, तुणतुणं, लोकांची बोली हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं. चाळींच्या पटांगणात, गिरण्यांच्या दारात आणि खेडोपाडी कार्यक्रम होऊ लागले.

यात नवीन काय होतं? जुन्या तमाशाची सुरुवात गणेशवंदनेने व्हायची. अण्णा भाऊंनी तिथे मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. पोवाडा पूर्वी राजांचा आणि सरदारांचा असे, आता त्यात मजूर आला. 'मुंबईची लावणी'त एकीकडे श्रीमंतांची मुंबई दिसते, तर दुसरीकडे घाम गाळणाऱ्यांची. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हणजे बायको गावी ठेवून मुंबईत राबणाऱ्या माणसाची व्यथा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तीच मैना महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाचं रूप झाली. घरचं दुःख आणि राज्याचं दुःख एकाच गाण्यात! स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा तीच कला लोकनाट्य या नावाने लोकांपुढे आली.

लेखणीही थांबली नाही. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. नाव एवढं झालं, पण हातात पैसा टिकला नाही. घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत बरीच वर्षं गेली. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठायच्या आत, ते गेले.

म्हणून यंदा मुलांना अण्णा भाऊ शिकवताना एवढं करून पाहा. दीड दिवसाच्या वाक्यावर थांबू नका. तो मुलगा वर्गात का टिकला नाही, हे मुलांनाच विचारा. मग आपल्या वर्गाकडे बघा. ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं, हजेरीपटावर महिनोन्‌महिने गैरहजर असलेलं एखादं मूल तिथेही असेल. शाळेविना अण्णा भाऊ घडले, हे खरं. पण तशी किती मुलं न घडताच राहिली, त्यांची जयंती कोणी करत नाही. आपल्या वर्गातलं असं मूल दीड दिवसात परत जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?