अल्बर्ट लुथुली : एका घराने दिलेली साक्ष



या पत्रकात आपण बहुतेक वेळा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्यांची ओळख करून देत आहे ते संत म्हणून जाहीर झालेले नाहीत, कॅथलिकही नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील काँग्रिगेशनल चर्चचे ते प्रापंचिक प्रवचनकार होते. पेशाने शिक्षक, मग गावचे प्रमुख, घरी ऊस पिकवणारे शेतकरी आणि सात मुलांचे वडील. नोबेल शांतता पारितोषिक मिळालेले ते पहिले आफ्रिकन. त्यांचे नाव अल्बर्ट जॉन लुथुली.

त्यांची निवड करण्याचे कारण सांगतो. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचा विषय निघाला की चांगली, श्रद्धावान माणसेही म्हणतात, फादर, तुमचे ठीक आहे, आम्हाला बायकामुले आहेत. हे म्हणणे खोटे नाही. संसारी माणसाच्या निर्णयाची किंमत तो एकटा देत नाही, सारे घर देते. लुथुलींच्या चरित्रात हा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. आणि त्याचे उत्तर त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या घरात अधिक सापडते.

आईच्या कष्टांवर शिकलेला मुलगा

लुथुलींचा जन्म १८९८ च्या सुमारास आजच्या झिम्बाब्वेमधील बुलावायो शहराजवळच्या एका मिशन केंद्रावर झाला. झुलू भाषेतील त्यांचे नाव म्वुम्बी, म्हणजे संततधार पाऊस. वडील मिशनच्या कामात होते. अल्बर्ट तान्हे असतानाच ते वारले. आई म्टोन्या पुढे आपल्या माणसांत, नाताळ प्रांतात परतली. ग्राउटव्हिल या मिशनच्या गावी अल्बर्ट काकांच्या घरी वाढले. काका गावाचे निवडून आलेले प्रमुख होते. आईने लोकांचे कपडे धुऊन आणि भाजी विकून मुलाच्या शाळेची फी भरली.

शिक्षक झाल्यावर डर्बनच्या दक्षिणेला असलेल्या अ‍ॅडम्स कॉलेजात त्यांना उच्च शिक्षक प्रशिक्षणाची संधी मिळाली आणि तेथेच ते शिकवू लागले. विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्तीही देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली. आईने पुष्कळ कष्ट उपसले होते, आता तिला आधार द्यायचा होता. पुढे साऱ्या जगाने ज्यांचा त्याग पाहिला, त्यांचा पहिला त्याग असा घरगुती होता.

पाऊस आणि प्रकाश

१९२७ साली त्यांनी नोकुखान्या भेंगू या शिक्षिकेशी लग्न केले. नोकुखान्या म्हणजे प्रकाशाची आई. दोघांचा संसार सोपा नव्हता. पती अ‍ॅडम्सला, तर पत्नी डर्बनच्या पलीकडे, उत्तरेला ग्राउटव्हिलमध्ये सासूजवळ. १९२९ साली पहिले मूल झाले. एकूण सात मुले झाली. नोकुखान्याबाईंनी शिक्षिकेची नोकरी सोडून जमीन कसायला घेतली. ऊस आणि भाजीपाला काढला, विकला, घर चालवले.

ग्राउटव्हिलच्या वडीलधाऱ्यांनी लुथुलींना गावचे प्रमुखपद घेण्याची विनंती केली, तेव्हा सुमारे दोन वर्षे ते होय म्हणाले नाहीत. शिक्षकाचा पगार बरा होता, प्रमुखाचे मानधन फारच कमी. घरात लहान मुले आणि म्हातारी आई. शेवटी १९३५ साली त्यांनी होकार दिला आणि १९३६ पासून सुमारे ५,००० लोकांच्या त्या वस्तीचा कारभार हाती घेतला. भांडणे मिटवणे, जमिनीचे तंटे ऐकणे, लहान ऊस उत्पादकांना संघटित करणे, अशी त्यांची कामे होती. कमी झालेल्या पगाराची भरपाई नोकुखान्याबाईंच्या शेताने केली.

१९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे जगभरातील चर्चेसची मिशनरी परिषद भरली. तिला प्रतिनिधी म्हणून लुथुली आले होते. आपल्या देशाशी त्यांचा असा प्रत्यक्ष संबंध आला. तेथे निरनिराळ्या वर्णांचे ख्रिस्ती एका छपराखाली प्रार्थनेला बसले. स्वदेशी परतल्यावर मात्र त्यांना रंगानुसार वेगळी दारे आणि वेगळे डबे होते.

राजीनामा की पदच्युती

१९४८ साली दक्षिण आफ्रिकेत निवडून आलेल्या सरकारने वर्णभेद हे देशाचे अधिकृत धोरण केले. गोरा, काळा, मिश्रवर्णीय, भारतीय अशी माणसांची नोंद झाली. कोणी कोठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, कोणत्या शाळेत किती शिकायचे, हे कातडीवरून ठरू लागले. काळ्या माणसाला आपल्याच देशात पास दाखवल्याशिवाय फिरता येत नसे. दुःखाची गोष्ट अशी की हे कायदे करणारे नियमाने चर्चला जाणारे ख्रिस्ती होते, आणि काही जण बायबलमधून त्याला आधारही देत होते. तेथील कॅथलिक बिशपांनी १९५७ साली वर्णभेदाचे तत्त्व मुळातच वाईट असल्याचे जाहीर केले.

लुथुली १९४० च्या दशकाच्या मध्यावर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये आले आणि १९५१ साली नाताळ शाखेचे अध्यक्ष झाले. नाताळमध्ये १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज, बहुतेक तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारे, मोठ्या संख्येने राहत होते. १९४९ साली डर्बनमध्ये आफ्रिकन आणि भारतीय यांच्यात भीषण दंगल होऊन १४० च्या वर माणसे मेली होती. ती जखम ओली असताना लुथुलींनी नाताळ इंडियन काँग्रेसचे डॉ. माँटी नायकर यांच्याबरोबर काम केले. दडपलेल्या माणसालाही दुसऱ्या दडपलेल्याचा द्वेष करण्याचा मोह होतो, हे त्यांनी ओळखले होते. देश तेथे राहणाऱ्या साऱ्यांचा आहे, गोऱ्यांचाही, ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही.

१९५२ साली अन्यायी कायदे शांतपणे मोडण्याची मोहीम सुरू झाली आणि हजारो लोक तुरुंगात गेले. सरकारने लुथुलींना बोलावून सांगितले, काँग्रेस सोडा किंवा प्रमुखपद सोडा. त्यांनी दोन्हींपैकी काहीच सोडले नाही. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना पदावरून काढले. त्यावर त्यांनी एक निवेदन काढले. स्वातंत्र्याचा रस्ता क्रुसावरून जातो, हे त्यांनी त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. पुढच्याच महिन्यात ते साऱ्या देशाच्या काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेले.

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना हा प्रश्न वहीत उतरवत असू. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते अन्यायी कायदा सदसद्‌विवेकाला बांधून ठेवू शकत नाही. हे वहीत लिहायला सोपे आहे. लुथुलींना ते लिहिताना ठाऊक होते की उद्यापासून मानधन बंद, आणि सात मुलांची फी तशीच भरायची आहे. असा निर्णय एकट्याच्या सदसद्‌विवेकावर टिकत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाचा सदसद्‌विवेकही जागा असावा लागतो.

चार भिंतींत कोंडलेला नेता

यानंतर एकामागून एक बंदी हुकूम आले. सभेला जायचे नाही, गावाबाहेर जायचे नाही. ५ डिसेंबर १९५६ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना घरातून उचलून जोहान्सबर्गला नेले. देशद्रोहाच्या आरोपाखाली १५६ जण होते, काळे, गोरे, भारतीय, मिश्रवर्णीय. जामीन मिळाला तरी वर्षभर खटल्यासाठी घरापासून दूर राहावे लागले. १९५७ च्या अखेरीस त्यांच्यावरील आरोप मागे घेतले. त्या काळात शेतीची वेळ कोणासाठी थांबली नव्हती. ती नोकुखान्याबाईंनी सांभाळली.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ जण ठार झाले. पाच दिवसांनी लुथुलींनी आपला पास लोकांसमोर जाळला आणि देशाला एक दिवस शोक पाळण्याची हाक दिली. त्यांना अटक झाली. तेव्हा ते साठीला आले होते आणि प्रकृती ढासळलेली होती.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की १९६० सालचे नोबेल शांतता पारितोषिक लुथुलींना मिळाले आहे. सरकारने नाराजीने दहा दिवसांची परवानगी दिली. ऑस्लोला ते पत्नीसह गेले. परत आल्यावर पुन्हा तेच गाव, तोच हुकूम. पारितोषिकाच्या पैशातून शेजारच्या स्वाझीलँडमध्ये शेतजमीन घेतली. पती गावाबाहेर पडू शकत नव्हते, म्हणून तेथे जाऊन राबण्याचे कामही नोकुखान्याबाईंनीच केले.

ऑस्लोहून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ डिसेंबर १९६१ रोजी, चळवळीतील तरुणांनी घातपाताचा मार्ग धरला. लुथुलींचा तो मार्ग नव्हता. पण १९६४ साली नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली, तेव्हा त्यांनी त्यांना दोषही दिला नाही. शांततेची प्रत्येक वाट सरकारने बुजवली होती, हे ते जाणत होते. ख्रिस्ती माणसाला येथे अवघडल्यासारखे वाटेल. त्यांनाही ते सोपे गेले नसावे.

१९६२ साली त्यांचे आत्मचरित्र परदेशात प्रसिद्ध झाले. त्याचे नाव मोशेने फारोपुढे मांडलेल्या मागणीवरून घेतलेले आहे. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने त्यांचे शब्द देशात छापणे हा गुन्हा ठरला. तरीही माणसे ग्राउटव्हिलला येत राहिली. जून १९६६ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी खास त्यांना भेटायला त्या खेड्यात आले.

२१ जुलै १९६७ रोजी सकाळी लुथुली घरातून पायी निघाले. गावाजवळच्या रेल्वेच्या पुलावर ते जबर जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. मालगाडीची धडक बसली, असा निष्कर्ष त्या वर्षीच्या चौकशीत निघाला. कुटुंबाने तो कधीच मानला नाही. नोकुखान्याबाई १९९४ साली आलेले स्वातंत्र्य पाहून १९९६ साली वारल्या. डॉक्टर झालेली त्यांची एक मुलगी स्वतंत्र देशाच्या संसदेत बसली. ग्राउटव्हिलचे घर २००४ पासून संग्रहालय आहे. आणि ५८ वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पीटरमॅरित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला. मृत्यू मारहाणीत कवटीला झालेल्या इजेमुळे झाला, असा निर्णय दिला. आईवडील गेले, तरी मुलानातवंडांनी सत्याचा पाठपुरावा सोडला नव्हता.

आपल्या घरासाठी

बंधुभगिनींनो, लुथुली मोठे झाले ते घर बाजूला सारून नव्हे. त्यांच्या घरात विश्वास आणि व्यवहार एकाच ताटात जेवत होते. पतीने पद गमावले तेव्हा पत्नीने कुदळ उचलली. चरित्रे लिहिणारे बहुधा पहिली गोष्ट ठळक लिहितात आणि दुसरी ओझरती. देवाच्या हिशेबात तसे होत नसावे.

आपल्यावर एवढी वेळ आलेली नाही. पण कातडीवरून माणूस मोजण्याची सवय आपल्याकडे नाही, असे कोण म्हणेल? मुलासाठी स्थळ पाहताना पहिला प्रश्न गोरी आहे का, हाच असतो. सावळ्या मुलीला लहानपणापासून घरातलीच माणसे टोमणे मारतात. मुंबई-वसईकडे शिकायला किंवा व्यापाराला आलेल्या आफ्रिकन माणसाला घर भाड्याने देताना, गाडीत त्याच्या शेजारी बसताना, आपण काय करतो आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारतो, हे मुले पाहत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही सांगतो की प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा आहे. ते खरे की नुसते पुस्तकातले, हे मूल जेवणाच्या टेबलावर ठरवते.

या आठवड्यात कौटुंबिक रोझरीनंतर पाच मिनिटे बसा. पतिपत्नींनी एकमेकांना विचारावे, आपल्या घरात रंगावरून, जातीवरून, भाषेवरून कोणाला कमी लेखणारे कोणते शब्द सर्रास वापरले जातात? त्यातला एक शब्द आजपासून घराबाहेर काढू या. आणि असे पाऊल उचलताना घरातल्या कोणावर भार पडणार असेल, तर तो कोण उचलणार, हेही आधीच ठरवा. अल्बर्ट आणि नोकुखान्या यांनी तो वाटून घेतला होता.

प्रभू आपल्या घरांना तेवढे बळ देवो.

तुमचा,
फादर