फादर जेरोम डिसोझा : वर्ग आणि संविधान सभा

विद्यार्थी मित्रांनो, आपली राज्यघटना घडवणाऱ्या संविधान सभेत पांढरा झगा घातलेले एक प्राचार्यही बसत असत, हे तुम्हाला माहीत आहे का? त्यांचं नाव फादर जेरोम डिसोझा.

त्यांचा जन्म 1897 साली मंगळुरूला झाला. 1921 मध्ये ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले. पुढे युरोपात शिक्षण घेऊन ते भारतात परतले. 1942 साली मद्रासच्या लोयोला कॉलेजची धुरा त्यांच्याकडे आली.

काळ कठीण होता. महायुद्ध चालू होतं. ते संपलं आणि दोन वर्षांत देश स्वतंत्र झाला. शिकू पाहणाऱ्या मुलांची संख्या वाढू लागली. हे कॉलेज 1925 मध्ये युरोपीय धर्मगुरूंनी सुरू केलेलं. इंग्रज गेल्यावर अशा कॉलेजचं काय होणार, ते आपलं की परक्यांचं, हा प्रश्न होताच. फादरांनी त्याचं उत्तर कामातून दिलं. कॉलेज चर्चचं असलं, तरी ते देशासाठी आहे, या भूमिकेनं त्यांनी 1950 पर्यंत ते चालवलं.

त्याच वर्षांत ते संविधान सभेचे सदस्य होते. कोणालाही आपला धर्म पाळता यावा, अल्पसंख्याकांना आपल्या शाळा-कॉलेजं चालवता यावीत, ही बाजू त्यांनी मांडली. पण खरी कसोटी 1949 मध्ये लागली. धर्माच्या आधारावर राखीव जागा ठेवायच्या का, असा प्रश्न सभेपुढे आला. ठेवल्या असत्या तर त्यांच्या समाजाला निवडून येण्याची हमी मिळाली असती. तरीही त्यांनी त्या सोडून देण्याच्या बाजूनं मत मांडलं. ही हमी सोडायची म्हणजे बहुसंख्य शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा. हे सोपं नव्हतं, बरं का!

पुढे संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. 1951 मध्ये आपल्या पुण्यात त्यांनी समाजप्रश्नांचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली. ती नंतर दिल्लीला गेली. 1977 साली त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, हक्क मागणं गरजेचं असतं आणि फादरांनी ते मागितलेही. पण कोणता हक्क धरून ठेवायचा आणि कोणती सवलत सोडायची, हे ओळखायला शहाणपण लागतं. फादर जेरोम यांच्या जीवनातून आपण हेच शिकायचं.