जीपच्या बॉनेटखालचा रुडॉल्फ डिझेल

उल्हासनगरहून अंबरनाथ आणि पुढे बदलापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला लहानमोठी गॅरेजे लागतात. कुठे लेथ, कुठे वेल्डिंगचे दुकान, कुठे जुन्या सुट्या भागांचा ढीग. अशा एखाद्या गॅरेजात जुनी पेट्रोल जीप येते. बॉनेट उतरवतात, रेडिएटर बाजूला काढतात आणि चेनब्लॉकला लटकून तिचे मूळ इंजिन कायमचे बाहेर येते. त्याच्या जागी बसते दुसऱ्याच गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन. कार्बोरेटर गेला, डिस्ट्रिब्युटर गेला, स्पार्क प्लग गेले. त्यांच्या जागी पंप आणि नोझल आले. बारवी धरणाच्या परिसरातील चिखलाच्या किंवा मलंगगडाच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या वाटेने जायचे, तर कमी फेऱ्यांतही चाकाला ताकद देणारे इंजिन हवे, हे त्यामागचे साधे गणित.

या खटाटोपात ज्याचे नाव दिवसातून शंभर वेळा घेतले जाते, तो एक माणूस होता हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. डिझेल हे आधी इंधनाचे नाव नव्हते, माणसाचे आडनाव होते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे इंजिन घडवले, ते लहान कारागिराच्या हाती स्वतःची शक्ती यावी म्हणून. ते स्वप्न त्याच्या हयातीत पुरे झाले नाही.

निर्वासिताचे पोर

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील बव्हेरियाचे. वडील थिओडोर यांचा चामडी वस्तू बनवण्याचा छोटा धंदा होता आणि तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. मोकळा वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन जुन्या यंत्रांची चित्रे काढी.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला पोहोचले, पण तेथे पोटापुरतेही काम मिळेना. अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला आई-वडिलांनी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवले. तेथे गणित शिकवणाऱ्या काकांच्या घरी तो वाढला. घरदार एका रात्रीत सुटणे म्हणजे काय, हे उल्हासनगरकरांना वेगळे सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे या गावाची ओळख ठरलेली हातची कारागिरी आणि लहान धंद्यावरची श्रद्धा त्याच उखडलेपणातून आली. रुडॉल्फचेही तसेच झाले. चौदाव्या वर्षीच त्याने अभियंता व्हायचे ठरवले आणि घरच्यांना तसे कळवून टाकले.

वर्गातील एक आकडा

म्युनिकच्या तंत्रशाळेत त्याला शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे शिक्षक म्हणून लाभले. एका व्याख्यानात लिंडे यांनी सांगितले, की वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उपयोगी कामात उतरवते. उरलेली सारी धुराड्यातून आणि थंड पाण्यातून वाया जाते. विशीतल्या रुडॉल्फने तो मुद्दा वहीत टिपून घेतला आणि जन्मभर सोडला नाही. १८७९ मध्ये विषमज्वराने त्याची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी मात्र तो उत्कृष्ट गुणांनी उत्तीर्ण झाला.

पोटासाठी त्याने पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांचे काम पत्करले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी विवाह झाला. पुढे तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि रात्री इंजिन असा त्याचा क्रम. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन बनवण्यात त्याची अनेक वर्षे गेली. ते साधले नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला, तेव्हा त्याची कल्पना पक्की होत आली होती.

ती अशी. हवा झटक्यात दाबली की तापते. आग्नेय आशियातील लोक याच तत्त्वावर नळीतला दट्ट्या दाबून विस्तव पेटवीत. रुडॉल्फने ठरवले, की सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती प्रचंड दाबायची आणि तापलेल्या हवेत इंधन सोडायचे. ते आपोआप पेटेल. ठिणगी लागणार नाही. जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनात मिश्रण साडेसहा ते सात पट दाबले जाते. त्याहून अधिक दाबले तर ते अवेळी पेटते. डिझेल इंजिनात दाबायची असते फक्त हवा, म्हणून ती पंधरा-वीस पट दाबता येते आणि तितक्याच इंधनातून अधिक काम निघते. कमी खर्चाचे मर्म येथे आहे.

स्फोट, मिनिटभराची धडधड आणि यश

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ते मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने आणि मागोमाग क्रुप कंपनीने प्रयोगांचा खर्च उचलला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंधन आत जाताच असा दणका बसला, की दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर फिरले नाही. पण ठिणगीवाचून इंधन पेटते, हे त्या फुटलेल्या उपकरणाने सिद्ध केले.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन पहिल्यांदा आपले आपण चालले, सुमारे एक मिनिट. त्यानंतर नेमकी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. एका सिलिंडरचे, सुमारे तीन मीटर उंचीचे आणि साडेचार टन वजनाचे ते धूड वीसएक अश्वशक्ती देत होते. पण जगाचे लक्ष वेधले ते दुसऱ्या आकड्याने. इंधनातील २६.२ टक्के उष्णता उपयोगी कामात उतरली होती. वाफेच्या इंजिनांना इतके कधीच साधले नव्हते.

मग पैसा धो धो आला. अमेरिकेतील हक्क मद्यउद्योजक अडोल्फस बुश यांनी घेतले. पुढच्याच वर्षी रुडॉल्फने आपले हक्क एका नव्या कंपनीला पस्तीस लाख मार्कांना विकले. चाळिशीत तो लक्षाधीश झाला आणि म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. शेतकऱ्याने आपल्याच शेतातल्या तेलावर आपले यंत्र चालवावे, ही शक्यता रुडॉल्फला पुढेही मोलाची वाटत राहिली.

कारागिरांसाठीचे इंजिन

त्याच्या सगळ्या खटपटीमागे एक सामाजिक विचार होता. वाफेचे इंजिन जितके मोठे तितके परवडणारे. त्यामुळे भांडवलदाराची गिरणी वाढली आणि घरात माग किंवा छोटा लेथ चालवणारा कारागीर मोडीत निघाला. लहान आकाराचे, कमी इंधनाचे इंजिन मिळाले तर कारागीर पुन्हा आपल्या पायावर उभा राहील, असे रुडॉल्फला वाटे. हातगाडीवरून बापाचा माल पोहोचवणाऱ्या मुलाचेच ते स्वप्न होते. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी मालकीची मांडणी करणारे पुस्तक लिहिले. त्याकडे कोणी फिरकले नाही.

घडले ते उलटेच. त्याचे इंजिन इतके अवजड होते, की ते वीजकेंद्रांत, कारखान्यांत आणि जहाजांत गेले. अमुंडसेनचे फ्राम जहाज १९१० मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले ते डिझेल इंजिन घेऊन. १९१२ मध्ये सेलँडिया हे मोठे डिझेल जहाज महासागरात उतरले. पाणबुड्यांसाठी नौदलांनी हे इंजिन उचलले. गाडीत बसेल असे लहान इंजिन बनवण्याचे रुडॉल्फचे प्रयत्न मात्र पुरे पडले नाहीत. दरम्यान पेटंटच्या दाव्यांनी आणि टीकाकारांनी त्याला पोखरले होते. डोकेदुखी आणि मानसिक थकवा पाठ सोडत नव्हता. जमिनींच्या व्यवहारात आणि फसलेल्या गुंतवणुकीत लाखो मार्क बुडाले. बंगल्याचा थाट बाहेरून तसाच होता. आतून घर पोकळ झाले होते.

उत्तर समुद्रातील शेवट

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडमधील हार्विचकडे निघाला. सोबत दोन सहकारी होते. तिघे एकत्र जेवले, डेकवर फिरले आणि रात्री दहाच्या सुमारास आपापल्या खोल्यांत गेले. सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना रुडॉल्फने देऊन ठेवली होती. सकाळी त्याची खोली रिकामी आढळली. अंथरूण वापरलेलेच नव्हते. डेकच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि नीट घडी घातलेला कोट सापडला. रोजनिशीत त्या तारखेपाशी एक लहानशी फुली होती.

१० ऑक्टोबरला एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातील चीजवस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राला दिला. गोळ्यांची डबी, चाकू, चष्म्याचे घर. मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले. निघण्यापूर्वी रुडॉल्फने पत्नीकडे एक बॅग सोपवली होती आणि ती आठवडाभराने उघडायला सांगितले होते. तिच्यात वीस हजार मार्क रोख निघाले आणि बँकेतील खाती जवळपास रिकामी असल्याचे दाखवणारे कागद. ही आत्महत्या होती, अपघात होता की घातपात, यावर तेव्हापासून तर्क लढवले गेले. पुराव्यांचा कल पहिल्या शक्यतेकडे झुकतो. निर्णायक उत्तर मिळालेले नाही.

ठाणे जिल्ह्यातील उत्तरार्ध

त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९२३-२४ मध्ये जर्मनीत डिझेल ट्रक धावले. १९२७ मध्ये बॉश कंपनीचा इंधनपंप बाजारात आला आणि इंजिन खऱ्या अर्थाने आटोपशीर झाले. महाराष्ट्रात १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन केली. विहिरीवरची मोट जाऊन डिझेल पंप आला, पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली. रुडॉल्फचा लहान कारागीर युरोपऐवजी येथे भेटला.

जीपचे वळण त्यानंतरचे. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, ती पेट्रोल इंजिनाची. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे दर चौपट झाले आणि पेट्रोल जीप पोसणे अवघड होऊन बसले. तेव्हा खुद्द कंपनीनेच बी-२७५ ट्रॅक्टरचे सुमारे २.३ लिटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. ऐंशीच्या दशकात प्यूजोचे २.१ लिटरचे इंजिन आले. जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांना हीच वाट मोकळी दिसली आणि कारखान्याने केलेले काम गॅरेजांत होऊ लागले.

काम वाटते तितके सरळ नाही. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे मजबूत करावे लागतात. इंजिनाची बैठक नव्याने वेल्ड करावी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवर घडवलेली जाड पट्टी येते. ती केसभर तिरकी गेली तरी क्लच आणि बेअरिंग महिन्यांत बाद होतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चालते, त्यामुळे डिफरन्शियल तेच ठेवले तर चढ सोपा होतो, पण महामार्गावर वेग मिळत नाही. आणि कागदपत्रे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. या तिन्ही शहरांसाठी ते दार कल्याणच्या आरटीओचे, एमएच ०५ चे. ते न ठोठावता केलेला बदल अपघातानंतर विमा नाकारला जाण्यापर्यंत महागात पडू शकतो.

डिझेलच्या धुराने शहरांचा श्वास कोंडला, हेही खरे. शेंगदाणा तेलाची गोष्ट आज जैवइंधनाच्या चर्चेत पुन्हा निघते, ती त्यामुळेच. पण गॅरेजात इंजिन बैठकीवर टेकते, मिस्त्री हीटर तापवून स्टार्टर मारतो आणि ठिणगीवाचून पहिला ठोका पडतो, तेव्हा ऑग्सबर्गमधले ते एक मिनिट पुन्हा घडत असते. ज्याच्यासाठी हे इंजिन घडवले गेले, तो हातांवर पोट असलेला कारागीर पान्हा घेऊन त्याच्यासमोर उभा असतो.