कॉफी गरम ठेवणारा काउंट

दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या भांड्यात कॉफीची जाडसर पूड घालावी, उकळी बसलेले पाणी वरून ओतावे आणि चार मिनिटांनी दांडीची जाळी हलक्या हाताने खाली दाबावी, एवढीच ‘फ्रेंच प्रेस’ची रीत. जाळी दाबण्याच्या युक्तीचे पेटंट १८५२ मध्ये फ्रान्समध्ये घेतले गेले. पण कॉफीचे पाणी उकळत का ठेवू नये आणि भांड्याभोवती दुसरे आवरण का असावे, याचा शास्त्रशुद्ध विचार त्याआधी चाळीस वर्षे काउंट रमफर्ड या विक्षिप्त गृहस्थाने केला होता.

त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावी त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले आणि तेराव्या वर्षी तो एका दुकानदाराकडे उमेदवारीला लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्याहून बरीच मोठी असलेल्या एका धनाढ्य विधवेशी विवाह केला. १७७४ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव सारा. अमेरिकेत बंडाचे वारे वाहू लागताच थॉम्पसनने इंग्रजांची बाजू घेतली आणि अदृश्य शाईने पत्र लिहून त्यांना गुप्त बातम्याही पुरवल्या. १७७६ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला, तो पत्नीला पुन्हा कधी भेटलाच नाही. ती १७९२ मध्ये वारली. त्याच्या बुद्धीचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ केले आणि मग तो बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या चाकरीत शिरला. सैनिकांना उबदार आणि स्वस्त कपडे हवे होते. त्यासाठी त्याने लोकर, पिसे, केसाळ कातडी यांची एकेक करून परीक्षा घेतली आणि ऊब धाग्यात नसून धाग्यांमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते, हे दाखवून दिले. निर्वात नळीत ठेवलेला तापमापक हवेतल्यापेक्षा सावकाश निवतो, हेही त्याने १७८६ च्या सुमारास नोंदवले. आजच्या थर्मासच्या आणि निर्वात भिंतींच्या कॉफीपात्राच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे. या कामासाठी १७९२ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

म्युनिकमध्ये १ जानेवारी १७९० रोजी त्याने सैन्याच्या मदतीने शहरातले भिकारी गोळा करवले आणि त्यांना उद्योगशाळेत नेऊन काम, ऊब व जेवण दिले. बार्ली, वाटाणे, बटाटे आणि शिळा पाव यांचे त्याने ठरवलेले सूप पुढे युरोपभर गरिबांच्या पानात पडले. या दयेत लष्करी खाक्याही होता. पण पोटे भरली, हे खरे. याच शहरात तोफा कोरताना धातू तापतो हे पाहून त्याने बोथट पात्याने कोरण करवले आणि अडीच तासांत केवळ घर्षणाने पाणी उकळवून दाखवले. उष्णता हा एखादा द्रव नसून गतीचा प्रकार आहे, हा त्याचा १७९८ चा निष्कर्ष विज्ञानाला वळण देणारा ठरला.

काउंट हा किताब मिळाल्यावर त्याने नाव निवडले ते सासुरवाडीच्या गावाचे जुने नाव, रमफर्ड. धूर न कोंडणाऱ्या शेगड्या, १७९९ मधील रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना, हम्फ्री डेव्हीची तिथली नेमणूक, ही सारी त्याचीच कामे. उष्णतेवरील संशोधनासाठी त्याने देणगी देऊन एक पदकही सुरू केले. त्याचा पहिला मानकरी तोच ठरला!

१८०५ मध्ये त्याने थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या विधवेशी पॅरिसमध्ये लग्न केले. तिला पाहुण्यांची हौस, त्याला एकांताची. एकदा त्याने पाहुण्यांना फाटक बंद केले, तेव्हा तिने त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले.

उरलेल्या एकाकी काळात, १८१२ मध्ये, त्याने कॉफीवर एक दीर्घ निबंध लिहिला. मद्याने आधी तरतरी येते आणि मागून ग्लानी, कॉफीचे तसे नाही, असे त्याचे मत होते. कॉफी उकळत ठेवली की तिचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, म्हणून पाणी तापलेले असावे पण कॉफी खळखळू नये, आणि ती तयार होईपर्यंत उष्णता एकसारखी राहावी, हा त्याच्या सांगण्याचा गाभा. त्यासाठी त्याने कॉफीपात्राभोवती गरम पाण्याचे आवरण योजले. पुडीचा थर सपाट तबकडीने हलका दाबून सारखा करावा, असेही त्याने सांगितले. बेळगाव-हैदराबादकडच्या घरांतल्या फिल्टरमध्ये पुडीवर बसणारी दांडीची चकती याच कामाची. फ्रेंच प्रेस वापरणाऱ्यानेही कॉफी करण्यापूर्वी भांडे गरम पाण्याने विसळून घेतले, तर पहिल्या घोटालाच फरक कळतो. मात्र दुहेरी भिंत कॉफीला जशी गरम ठेवते, तसा तळाच्या चोथ्यातून कडवटपणाही उतरत राहतो. म्हणून जाळी दाबल्यावर कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

२१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतई येथे रमफर्डचे निधन झाले. संपत्तीतला मोठा वाटा हार्वर्डला गेला. बापाने तान्ही असताना सोडलेली सारा मोठेपणी त्याच्याकडे युरोपात आली होती. काउंटेस हा किताब बाळगून ती अखेरीस आपल्या गावी परतली आणि १८५२ मध्ये तिथेच वारली.