भटका डॉक्टर आणि त्याची ‘वाँडरर’

पावसाळ्यातल्या शनिवारी पहाटे कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला निघालात, तर बाइक आणि टेम्पो ट्रॅव्हलरच्या गर्दीत हल्ली एखादी वेगळीच गाडी दिसते. मागच्या सीट काढून तिथे बिछाना टाकलेला, खिडक्यांना पडदे, टपावर सोलर पॅनेल, आत छोटा गॅस. गाडी हेच घर! डोंबिवलीच्या वन बीएचकेत बसून असले रील्स रात्री दोन वाजेपर्यंत बघणारे आपल्यात कमी नाहीत. पण हा नाद पहिल्यांदा कुणाला लागला असेल?

चाकांवरच्या घरात राहणारी माणसं जगात पूर्वीपासून होती. कुणी पोटासाठी, कुणी परंपरेने. पण गावात चांगलं घर असताना, हातात कामधंदा असताना, केवळ मजा म्हणून चाकांवरचं घर मुद्दाम बांधून घेणारा पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो एक स्कॉटिश डॉक्टर होता. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. स्टेबल्स म्हणजे तबेले. घोडागाडीतून देश हिंडणाऱ्याला याहून चांगलं आडनाव कुठून मिळणार?

स्कॉटलंडच्या ईशान्येला ॲबरचर्डर नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा मुलगा. ॲबर्डीनला मेडिकलला असतानाच तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर चढून थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन आला. आपल्याकडे मुलं सेमिस्टर संपल्यावर मनालीला जातात, तसंच म्हणा! पदवी घेऊन तो ब्रिटिश नौदलात सर्जन म्हणून लागला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांची वाहतूक करणारी जहाजं पकडायचं काम तेव्हा नौदलाकडे होतं, त्या गस्तीवरही तो होता. १८७०च्या सुमारास तब्येत ढासळली आणि नौदल सुटलं. मग लग्न झालं, मुलंबाळं झाली आणि लंडनच्या पश्चिमेला ट्वायफर्ड या गावी तो स्थिरावला.

स्थिरावला म्हणजे घर केलं, एवढंच. जहाजावरचे दिवस त्याने कागदावर उतरवायला घेतले आणि बघता बघता तो मुलांचा लाडका लेखक झाला. वादळं, बर्फ, चाचे, जंगलं. शंभराहून जास्त पुस्तकं त्याने लिहिली. शिवाय कुत्र्यांवर आणि मांजरांवर पुस्तकं, ‘बॉइज ओन पेपर’मध्ये लेखन, आणि ‘गर्ल्स ओन पेपर’मध्ये ‘मेडिकस’ या टोपणनावाने आरोग्याचा सल्ला. सल्ला ठरलेला असे : मोकळी हवा, भरपूर चालणं आणि सकाळी थंड पाण्याने अंघोळ. इंग्लंडच्या हिवाळ्यात! किती मुलांनी ऐकलं असेल कोण जाणे, पण पत्रं लिहून सल्ला मागणारी मुलं मात्र पुष्कळ होती.

१८८५मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात स्वतःसाठी गाडी बांधून घेतली. रेल्वेचे डबे आणि मालगाड्या बनवणारा हा कारखाना. गाडीचं नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाने तिला जमिनीवरचं जहाज म्हटलं आणि आतली रचनाही तशीच करून घेतली. लांबी साधारण १८ फूट. लाकूड महोगनी आणि मेपलचं. पुढे बसायची खोली, तिथल्याच बाकाचा रात्री पलंग व्हायचा. पुस्तकांचं कपाट होतं, व्हायोलिन होतं. मागच्या बाजूला छोटं स्वयंपाकघर, त्यात तेलावर चालणारी शेगडी. आज एखाद्या गॅरेजवाल्याला आपण व्हॅनमध्ये जे जे बसवायला सांगू, त्यातलं बहुतेक सगळं तिथे होतं. टॉयलेट सोडून. (हा प्रश्न अजूनही व्हॅनवाल्यांना पुरता सुटलेला नाही.)

सामान भरल्यावर या घराचं वजन दोन टनांच्या आसपास जायचं. ओढायला घोडे दोन : पी-ब्लॉसम आणि कॉर्नफ्लॉवर. सोबतीला हरिकेन बॉब नावाचा दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि पॉली नावाचा काकाकुवा. आणि दोन माणसं. हाकायला जॉन आणि स्वयंपाकपाणी, झाडलोट, पडेल ते काम करायला फोली. फोलीकडे आणखी एक काम होतं. तीनचाकी सायकलवरून तो गाडीच्या पुढे जायचा. वळणापलीकडून काही येतंय का, रस्ता धड आहे का, रात्री घोडे बांधायला जागा मिळेल का, हे सगळं बघून यायचा. आज हे काम गूगल मॅप करतं. तेव्हा फोली पायडल मारत होता. एकट्याने निवांत भटकल्याची वर्णनं वाचताना फोली आणि जॉन आपल्याला पटकन दिसत नाहीत, म्हणून त्यांची नावं इथे मुद्दाम लिहिली.

त्या उन्हाळ्यात ट्वायफर्डहून निघून इंग्लंड उभं पार करत ही वरात स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसला पोचली. १,३०० मैल, म्हणजे २,००० किलोमीटरच्या वर. कल्याण ते हावडा रेल्वेने साधारण १,९०० किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. तेही घोड्याच्या चालीने. चढावर घोड्यांचा दम काढणारं वजन, उतारावर तेच वजन घोड्यांच्या अंगावर येणारं. आपल्या घाटात बैलगाडीला उटी लावायचे, तशीच तिथेही चाकं अडवायची सोय करावी लागे. संध्याकाळ झाली की एखाद्या शेतकऱ्याला विचारून कुरणात किंवा खानावळीच्या आवारात मुक्काम. मग लिहिणं, वाजवणं, गावकऱ्यांशी गप्पा. ही भपकेबाज गाडी बघून लोक कोड्यात पडायचे. सर्कस म्हणावी तर जनावरं नाहीत, दुकान म्हणावं तर माल नाही. नुसतंच हिंडायला कोण कशाला एवढा खटाटोप करेल?

पुढच्याच वर्षी, १८८६मध्ये, या प्रवासावरचं त्याचं पुस्तक आलं आणि सुखवस्तू इंग्रजांना नवा छंद मिळाला.

हे त्याला जमलं, यामागे एक कारण होतं : रेल्वे. लोहमार्ग आल्यावर इंग्लंडातल्या टपालगाड्या आणि प्रवासी घोडागाड्या बंद पडल्या, मोठे हमरस्ते ओस पडले, वाटेवरच्या खानावळींचे तबेले रिकामे झाले. डॉक्टरसाहेबांना मोकळा रस्ता आणि घोड्यांना जागा मिळाली, ती अशी.

त्याच रेल्वेने आपल्याकडे काय केलं? १८५३मध्ये गाडी ठाण्याला आली, १८५४मध्ये कल्याणला, आणि १८६५पर्यंत बोरघाट आणि थळघाट दोन्ही चढून वर गेली. त्याआधी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर नेणारे आणि तिकडून धान्य खाली आणणारे लमाणांचे तांडे होते. अख्खं कुटुंब, गुरंढोरं, कुत्री, चूल, सगळं चालतं. आज आपण जिथे ट्रेकला जातो तो नाणेघाट ही अशीच लादलेल्या जनावरांची जुनी वाट. आगगाडीने हा धंदा संपवला. वर १८७१मध्ये इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११मध्ये नव्याने आला तेव्हा मुंबई इलाख्यातही पोचला. बऱ्याच भटक्या जमाती त्यात अडकल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हा कायदा देशभरातून गेला तो १९५२मध्ये.

स्टेबल्सच्या स्वतःच्या देशातही वेगळं नव्हतं. तिथे चाकांवरच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहणारे जिप्सी होते. ‘वाँडरर’ रस्त्यावर आली त्याच सुमारास कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ हा समाजसुधारक पार्लमेंटमध्ये एक विधेयक पुन्हा पुन्हा आणवत होता. चाकांवरच्या प्रत्येक घराची नोंदणी करा, तपासणीला अधिकारी पाठवा, मुलांना शाळेत घाला. मुलांच्या शाळेबद्दलची त्याची कळकळ खरी होती, पण कुणाच्याही घरात शिरून तपासणी करण्याचा अधिकार जत्रेत खेळ करणाऱ्यांना मान्य नव्हता. त्यांनी १८८९मध्ये आपली संघटना बांधली आणि विधेयक हाणून पाडलं. स्टेबल्सला मात्र लोक कौतुकाने ‘जंटलमन जिप्सी’ म्हणत आणि तोही हे नाव हौसेने मिरवी. त्याच्या एका पुढच्या पुस्तकाच्या नावातही ते आहे. मला हा माणूस आवडतो, पण हे नाव वाचताना थोडं अडखळायला होतं. जिप्सीच्या आधी ‘जंटलमन’ लागलं की कुरणाचं फाटक उघडत होतं.

१९०७मध्ये लंडनला हौशी मंडळींनी कॅरॅव्हॅन क्लब काढला, तेव्हा म्हातारा डॉक्टर त्याच्या उपाध्यक्षांपैकी एक होता. १९१०मध्ये ट्वायफर्डलाच तो गेला. तोवर मोटारी आल्या होत्या, आणि घोड्यांच्या जागी मोटार जोडायला फार वर्षं लागली नाहीत. क्लब वाढत गेला. १९६०मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला की परवान्याशिवाय जमिनीवर कॅरॅव्हॅन उभ्या करू द्यायच्या नाहीत. त्यातून मान्यताप्राप्त क्लबांना सूट मिळाली. जिप्सींच्या मुक्कामाच्या कितीतरी जुन्या जागा बंद झाल्या.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले पार्क, अशी त्यात कल्पना आहे. सध्या तरी आपले व्हॅनवाले ढाब्याच्या आवारात, पेट्रोलपंपावर किंवा ओळखीच्या शेतात मुक्काम ठोकतात आणि निघताना मालकाचे आभार मानतात. त्याच रस्त्याच्या कडेला कुठे पाल टाकलेलं एखादं भटकं कुटुंबही असतं, आणि इथून कधी निघणार, हा प्रश्न त्यांना गाव पहिल्याच दिवशी विचारतं.

‘वाँडरर’ अजून आहे. क्लबने ती जपून ठेवली आहे. पॉलीचा पिंजरा आणि फोलीची तीनचाकी नाही, पण महोगनीची ती गाडी बघायला लोक जातात, बहुतेक जण आपापल्या कॅरॅव्हॅनमधून.